बाकावरची पॉइंट गार्ड

२००० सालच्या एप्रिलमध्ये डॉन स्टेली यांना प्रशिक्षक व्हायचं नव्हतं. तिशी पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता, पायांत वेग होता, सिडनीचं ऑलिंपिक तोंडावर आलं होतं आणि ‘डब्ल्यूएनबीए’ या व्यावसायिक लीगमध्ये शार्लट स्टिंग संघाकडून त्या खेळत होत्या. महिला कॉलेज बास्केटबॉलची अंतिम फेरी त्या वर्षी फिलाडेल्फियात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शहरात भरली होती. तिथल्या टेम्पल विद्यापीठाचे क्रीडा संचालक डेव्ह ओब्रायन यांनी त्यांना गाठलं आणि महिला संघाची जबाबदारी घ्याल का, असं विचारलं. स्टेलींनी नाही म्हटलं. ओब्रायन यांनी पिच्छा सोडला नाही. हा पडलेला संघ तुम्हाला उभा करता येईल का, असं आव्हानच त्यांनी समोर ठेवलं. आणि आव्हान दिल्यावर मागे फिरणं स्टेलींना कधी जमलेलं नाही.

त्या हो म्हणाल्या, पण खेळ सोडला नाही. उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीएमध्ये स्वतः खेळायचं आणि हिवाळ्यात टेम्पलच्या मुलींना शिकवायचं, असा संसार त्यांनी २००६ पर्यंत ओढला. मधल्या काळात ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकंही झाली, २००० आणि २००४ ची. पहिलं १९९६ चं होतंच. अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्यांच्या हातात होता, आणि तिथून परतल्यावर त्या कॉलेजच्या पोरींना बचावाचे पवित्रे शिकवायला उभ्या राहणार होत्या. खेळणं आणि शिकवणं या दोन नोकऱ्या इतक्या वरच्या पातळीवर, एकाच वेळी, इतकी वर्षं केलेलं दुसरं नाव मला आठवत नाही.

स्टेली कोर्टवर कोणत्या जागी खेळायच्या, हे कळल्याशिवाय त्यांचं प्रशिक्षण कळत नाही. उंची पाच फूट सहा इंच. बास्केटबॉलमध्ये ही उंची म्हणजे गर्दीत हरवण्याची उंची. त्यांची जागा पॉइंट गार्डची. चेंडू आपल्या टोकापासून पलीकडे न्यायचा, कोण मोकळं आहे ते पाहायचं, ज्याचा हात आज चालतोय त्याला चेंडू पुरवायचा, ज्याचा चालत नाही त्याला सांभाळून घ्यायचं, हे पॉइंट गार्डचं काम. लग्नघरातली करती बाई जशी सगळ्यांची पंगत बसवते आणि आपलं ताट शेवटी घेते, तशी ही जागा. गुणफलकावर तिचं नाव कमी दिसतं, पण ती नसली की बाकीच्या चौघी चाचपडायला लागतात. माझं म्हणणं असं की स्टेलींनी पुढच्या पंचवीस वर्षांत जे केलं ते याच जागेवरून केलं. कोर्टवरून उठून त्या बाकावर गेल्या, पण जागा बदलली नाही.

उत्तर फिलाडेल्फियातल्या रेमंड रोझन या सरकारी वसाहतीत त्या वाढल्या. पाच भावंडांत धाकट्या. आईवडील दक्षिण कॅरोलायनातून उत्तरेला आलेले. दक्षिणेतली वंशभेदाची जाचक व्यवस्था आणि गरिबी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं विसाव्या शतकात अशीच उत्तरेकडच्या शहरांत गेली. आई एस्टेल लोकांच्या घरी साफसफाईचं काम करायच्या आणि घरात शिस्तीला कडक होत्या. डॉन वस्तीतल्या कोर्टवर मुलांमध्ये खेळायची. त्या खेळात बुटक्या मुलीला चेंडू कोणी आपणहून देत नसतं. चेंडू मिळवायचा असेल तर सगळ्यांच्या आधी पुढचं दिसावं लागतं. पुढे डॉबिन्स या तांत्रिक शाळेच्या संघातून खेळताना ती देशातली सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरली आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती देऊन नेलं.

व्हर्जिनियात प्रशिक्षक डेबी रायन यांच्या हाताखाली १९९०, ९१ आणि ९२ अशी सलग तीन वर्षं तिचा संघ ‘फायनल फोर’ला, म्हणजे शेवटच्या चार संघांत पोहोचला. तिन्ही वेळा विजेतेपद हुकलं. १९९१ चा अंतिम सामना टेनेसीविरुद्ध जादा वेळेत ७०-६७ असा गेला. पराभूत संघात असूनही स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. असा मान हरलेल्या हातात घेऊन उभं राहणं फार अवघड. १९९२ च्या ऑलिंपिक संघातही तिला जागा मिळाली नाही. १९९६ साली मात्र स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक तारा व्हॅनडरव्हीर यांनी बांधलेल्या संघात ती होती. त्या संघाने अटलांटाच्या आधी वर्षभर जगभर फिरून ५२ सामने खेळले, ५२ जिंकले, आणि मग ऑलिंपिकचे आठही. व्हॅनडरव्हीर हे नाव लक्षात असू द्या, ते पुढे पुन्हा येणार आहे.

टेम्पलचं मैदान रेमंड रोझन वसाहतीपासून फार लांब नाही. पहिल्याच हंगामात संघाने १९ सामने जिंकले, ११ हरले. आठ वर्षांत १७२ विजय, ८० पराभव आणि सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश, असा हिशोब मागे ठेवून २००८ च्या मे महिन्यात त्या दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात गेल्या. आईवडिलांनी सोडलेल्या राज्यात लेक परत आली.

इथे थोडं थांबून अमेरिकेतली कॉलेज-खेळाची रीत सांगायला हवी. आपल्याकडे कॉलेजचा संघ प्रवेशयादीतून निघतो. जिमखान्याचे सर जे हाती लागेल त्यातून बारा जणी उभ्या करतात. तिथे प्रशिक्षकाला संघ स्वतः गोळा करावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे शाळेतले सामने पाहायचे, त्यांच्या घरी जायचं, आईबापांपुढे बसायचं आणि तुमची मुलगी चार वर्षं माझ्यावर सोपवा, हे पटवून द्यायचं. पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची, पण तीच शिष्यवृत्ती इतर पन्नास विद्यापीठंही देत असतात. शिवाय दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुली पदवी घेऊन जातात. म्हणजे चांगला संघ जमेपर्यंत तो पांगायची वेळ येते. या कामात खेळाडू म्हणून मिळवलेली पदकं फार तर दार उघडून देतात. आत बसल्यावर बोलावं लागतं ते माणसाला.

दक्षिण कॅरोलायनातला पहिला हंगाम कठीण गेला. १० विजय, १८ पराभव. आपल्या विभागीय लीगमध्ये, म्हणजे एसईसीमध्ये, तर १४ पैकी दोनच सामने जिंकले. दुसऱ्या हंगामातही पराभव विजयांहून एकाने जास्तच. टेम्पलमध्ये बस्तान बसलेलं असताना हे का पत्करलं, असं कुणालाही वाटलं असतं. तिसऱ्या वर्षी १८ विजय आले, चौथ्या वर्षी २५. २०१४ साली एसईसीच्या साखळीत संघ पहिल्यांदा अव्वल आला. आणि त्याच वर्षी एका मुलीने निर्णय घेतला, ज्याने विद्यापीठाच्या कोलंबिया शहराचं चित्र पालटलं.

एजा विल्सन ही कोलंबियाजवळच्या हॉपकिन्सची. त्या वर्षी देशातली सर्वांत नावाजलेली शालेय खेळाडू. टेनेसी, कनेटिकट अशी बडी घराणी तिच्या मागे होती. तिने घरच्या गावाला कौल दिला. तिच्या आजीच्या लहानपणी याच विद्यापीठाच्या आवारात कृष्णवर्णीयांना पाऊल टाकायची सोय नव्हती. आजी वळसा घालून जायची. विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुन्हा दारं उघडली ती १९६३ साली. २०२१ च्या जानेवारीत त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल मैदानासमोर नातीचा पुतळा उभा राहिला, तेव्हा तिने आजीची ही आठवण सगळ्यांना सांगितली. मला विचाराल तर दक्षिण कॅरोलायनाच्या सगळ्या चषकांत या एका गोष्टीचं वजन जास्त आहे.

कोलंबिया ही राज्याची राजधानी. विधान भवनाच्या आवारात यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूचा झेंडा २०१५ च्या जुलैपर्यंत फडकत होता. चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, त्यानंतर तो उतरला. त्याच शहरात, त्याच वर्षांत, एका कृष्णवर्णीय बाईने घडवलेल्या मुलींच्या संघासाठी सरासरी बारा हजारांहून जास्त माणसं येत होती. २०१४-१५ पासून महिला कॉलेज बास्केटबॉलमधली देशातली सर्वाधिक गर्दी इथेच जमत आली आहे. आणि गर्दीत कोण? पांढऱ्या केसांच्या गोऱ्या आजीबाई, त्यांच्या शेजारी कृष्णवर्णीय कुटुंबं, कडेवर लेकरं. स्टेली या प्रेक्षकांना ‘फॅम’ म्हणतात, कुटुंब. हे प्रेक्षक जोडायला चषकाच्या आधीच सुरुवात झाली होती, हरण्याच्या दिवसांत. अमेरिकेत महिलांचे सामने कोणी पाहत नाही, हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जायचं. कोलंबियाने ते खोटं पाडलं, आणि इतरांच्या आधी पाडलं.

२०१५ साली संघ पहिल्यांदा फायनल फोरला गेला आणि नोत्र दामकडून ६६-६५ असा एका गुणाने हरला. २०१७ साली डॅलसमध्ये मिसिसिपी स्टेटला ६७-५५ असं हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. विल्सनचे २३ गुण, १० रिबाउंड (म्हणजे हुकलेला चेंडू पुन्हा मिळवणं). व्हर्जिनियात हुकलेली गोष्ट स्टेलींना पंचवीस वर्षांनी मिळाली. आई एस्टेल यांनी हे विजेतेपद पाहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

त्या विजयाच्या आधीपासून स्टेलींच्या जवळ जाळीचा एक तुकडा होता, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत विजेतेपद मिळालं की शिडी लावून बास्केटची जाळी कात्रीने कापतात. प्रत्येक खेळाडू एक दोरा घेते, शेवटी प्रशिक्षक उरलेली जाळी उतरवतो. १९९९ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या कॅरोलिन पेक या महिला राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरल्या. त्यांनी आपल्या जाळीचा एक तुकडा स्टेलींना दिला. तू जिंकलीस की तुझ्या जाळीतला पुढे कुणाला तरी दे, अशा बोलीवर. अठरा वर्षांनी स्टेली जिंकल्या आणि अशा दुसऱ्या प्रशिक्षक ठरल्या. आता तुकडा द्यायचा कोणाला? एकीची निवड त्यांना करता येईना. मग २०२१ साली त्यांनी आपली २०१७ ची जाळी कापून पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांतल्या सगळ्या कृष्णवर्णीय महिला मुख्य प्रशिक्षकांना एकेक तुकडा पाठवला. त्यांतल्या कित्येक जणी दर हंगामात स्टेलींना हरवायलाच कोर्टवर उतरतात. प्रतिस्पर्ध्यांना आपल्या चषकाचा वाटा पाठवणं हे मला आजच्या खेळात दुर्मीळ वाटतं. आणि यात उपकाराचा सूर नव्हता. १९८२ साली, एनसीएए या कॉलेज-क्रीडा संस्थेच्या पहिल्याच महिला स्पर्धेत, व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनी फिलाडेल्फियाजवळच्या चेनी स्टेट या छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजला अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. म्हणजे लायक बायका पहिल्या दिवसापासून होत्या. संधी मोजून मापून मिळत होती.

२०२० साली स्टेलींचा संघ ३२ जिंकून एकच हरला होता आणि देशात अव्वल होता. मार्चमध्ये करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोत सगळे संघ एकत्र ठेवून स्पर्धा झाली. पुरुषांच्या स्पर्धेत सुसज्ज व्यायामशाळा आणि इथे महिलांसाठी डंबेल्सचा एक लहानसा स्टँड, हे ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने मोबाइलवर चित्रित करून जगाला दाखवलं. स्टेली गप्प बसल्या नाहीत. दोन्ही स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेला त्यांनी जाहीर निवेदनात जाब विचारला. उपांत्य फेरीत गाठ पडली ती स्टॅनफर्डशी, म्हणजे १९९६ च्या गुरू तारा व्हॅनडरव्हीर यांच्याशी.

त्या सामन्याचे शेवटचे क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. स्टॅनफर्ड ६६, दक्षिण कॅरोलायना ६५. सहाएक सेकंद उरले असताना दक्षिण कॅरोलायनाच्या मुलींनी चेंडू हिसकावला आणि पलीकडच्या बास्केटकडे धाव घेतली. ब्रिया बीलने अगदी जवळून टाकलेला चेंडू कडेला लागून बाहेर आला. मागून आलेल्या अलिया बॉस्टनच्या हाताला तो पुन्हा लागला, तिने उडी मारून वर ढकलला, चेंडू पुन्हा बाहेर, आणि भोंगा वाजला. बॉस्टन तिथेच रडू लागली. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, बाराव्या वर्षी खेळासाठी सेंट थॉमस बेटावरचं घर सोडून आलेली. पुढच्या हंगामात टीव्हीवर तिच्या रडण्याची ती दृश्यं वारंवार दाखवली जाऊ लागली, तेव्हा स्टेलींनी उघडपणे हरकत घेतली. आपल्या विद्यार्थिनीचं दुःख जाहिरातीसारखं वापरू नका, हा त्यांचा रोख होता. २०२२ साली मिनिआपोलिसमध्ये त्याच बॉस्टनने अंतिम सामन्यात १६ रिबाउंड घेतले. दक्षिण कॅरोलायनाने कनेटिकटला ६४-४९ असं हरवलं. त्याआधी कनेटिकट अकरा अंतिम सामने खेळून अकराही जिंकलं होतं. त्या रात्री रिबाउंड ४९ विरुद्ध २४ होते. अंगमेहनतीचा खेळ म्हणतात तो हा.

त्यासाठी सरावही तसाच लागतो. विद्यापीठातल्या काही पुरुष विद्यार्थ्यांचा एक सराव-संघ आहे, त्यांना ‘हायलायटर्स’ म्हणतात. ही मुलं पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून मुलींविरुद्ध खेळतात, आणि त्यांना गुणफलकावर कधी जागा नसते.

२०२३ चा संघ ३६ सामने सलग जिंकून उपांत्य फेरीत आयोवाच्या केटलिन क्लार्कपुढे ७७-७३ असा हरला. क्लार्कने एकटीने ४१ गुण केले. हरल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत स्टेली आपल्या डावपेचांच्या बचावात वेळ न घालवता वेगळ्याच विषयावर बोलल्या. त्यांच्या संघाच्या ताकदवान खेळाला मारामारी म्हटलं जात होतं, मुलींसाठी गुंडांचे आणि त्याहून हीन शब्द वापरले जात होते. या माझ्या मुली आहेत, त्यांच्याबद्दल बोलताना जरा विचार करा, असं त्यांनी पत्रकारांना तोंडावर सांगितलं. दुसरी सोयीची वेळ त्या शोधू शकल्या असत्या. पण सगळ्यांचे कान तेव्हाच उघडे होते.

त्या हंगामानंतर पहिल्या पाचही खेळाडू निघून गेल्या. व्यावसायिक लीगच्या निवडीत बॉस्टनचा क्रमांक पहिला लागला. रिकाम्या झालेल्या जागी नव्या पोरी आल्या, आणि मग घडला तो हंगाम मला स्टेलींच्या कारकिर्दीतला सर्वांत देखणा वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसला झालेल्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात मिलेशिया फुलवायली ही कोलंबियाचीच नवखी मुलगी कोर्टच्या एका टोकापासून एकटी धावत गेली, वाटेत चेंडू पाठीमागून दुसऱ्या हातात घेतला आणि बास्केट केली. मार्चमध्ये टेनेसीविरुद्ध १.१ सेकंद बाकी असताना संघ दोन गुणांनी मागे होता. चेंडू आला सहा फूट सात इंचांच्या कमिला कार्डोसोकडे. ब्राझीलची ही मुलगी बास्केटखाली खेळणारी. कॉलेजमध्ये तीन गुणांची बास्केट तिने एकदाही केली नव्हती. तिने लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटून आत गेला. ७४-७३. एप्रिलमध्ये क्लीव्हलँडला अंतिम सामन्यात पुन्हा आयोवा, पुन्हा क्लार्क. पहिल्या दहा मिनिटांत तिने १८ गुण केले. मग रेव्हन जॉन्सन तिला चिकटली. वर्षापूर्वी याच जॉन्सनला लांबून नेम साधता येत नाही म्हणून क्लार्कने हात झटकून मोकळं सोडलं होतं, आणि ते दृश्य देशभर फिरलं होतं. दक्षिण कॅरोलायना ८७, आयोवा ७५. ३८ सामने, ३८ विजय. त्या सामन्यात दक्षिण कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य.

माझ्या मते त्या रात्रीची किल्ली ३७ आणि शून्य या दोन आकड्यांत आहे. एका बाजूला एका अलौकिक खेळाडूभोवती उभा केलेला संघ, दुसऱ्या बाजूला सगळ्यांना चेंडू मिळणारा. सामना संपल्यावर मंचावरून स्टेलींनी क्लार्कचे आभार मानले, तिने आपला खेळ वर नेला म्हणून. तो सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही त्या वर्षी एवढे प्रेक्षक नव्हते.

पैशाबद्दल बोलायला मराठी लेखक संकोचतो, पण इथे ते टाळून चालणार नाही. २०२१ साली स्टेलींनी विद्यापीठाशी सात वर्षांचा २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केला. तो पुरुष संघाच्या प्रशिक्षकाच्या तोडीचा असावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. २०२५ च्या जानेवारीत नवा करार झाला, वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर, महिला कॉलेज बास्केटबॉलमधला तेव्हाचा सर्वाधिक. मागून येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षक बाईला वाटाघाटीला बसताना आता हा आकडा दाखवता येतो. तोही एक पासच आहे.

सगळं गोड चाललं आहे असं नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली आणि कॉलेज बदलणं सोपं झालं. चार वर्षं माझ्यावर सोपवा, असं आता कोणी म्हणू शकत नाही. २०२५ च्या अंतिम सामन्यात कनेटिकटने दक्षिण कॅरोलायनाला ८२-५९ असं सपशेल हरवलं, आणि काही आठवड्यांतच फुलवायली त्याच लीगमधल्या लुईझियाना स्टेटला निघून गेली. गावातली मुलगी गेली हे कोलंबियाला लागलं असणारच. माझं मत विचाराल तर मुलींना ही मोकळीक मिळाली हे योग्यच झालं. प्रशिक्षक हव्या तेव्हा नोकरी बदलतात, स्टेलींनीही टेम्पल सोडलंच होतं. फक्त यापुढे मुलगी घडवायला वेळ कमी मिळणार आहे, आणि घडवण्यावरच ज्यांचं सगळं उभं आहे त्यांची परीक्षा इथून पुढे आहे.

२०२० मध्ये सर्वोत्तम महिला कॉलेज प्रशिक्षकाचा नेस्मिथ पुरस्कार स्टेलींना मिळाला. खेळाडू म्हणून तो त्यांनी दोनदा जिंकला होता. दोन्ही बाजूंनी तो जिंकणाऱ्या त्या पहिल्याच व्यक्ती. टोकियो ऑलिंपिकमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी अमेरिकेला सलग सातवं सुवर्ण मिळवून दिलं. एप्रिल २०२५ मध्ये कोलंबियात त्यांचाही पुतळा बसला.

अमेरिकेतला कॉलेज हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. सामने आपल्याकडे बहुधा पहाटे दिसतात. झोपमोड करून एखादा पाहाच. पाहताना चेंडूवरची नजर अधूनमधून काढून दक्षिण कॅरोलायनाच्या बाकाकडे वळवा आणि तिथून कोण कधी उठून कोर्टवर जाते, कोणाच्या जागी जाते, बाहेर आलेलीला काय सांगितलं जातं, तेवढं बघा. स्टेलींचा खेळ अजून तिथेच चालू आहे.